मायनस तीनचा नंबर, की डोळ्यातला पेटका?

डिचोली तालुक्यातील एका आईचे पत्र आले आहे. ते थोडक्यात असे:

«माझी मुलगी पंधरा वर्षांची असून दहावीत शिकते. बोर्डाची परीक्षा सात आठवड्यांवर आली आहे. चतुर्थीनंतर तिला फळ्यावरचे अंधुक दिसू लागले. बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात कॉम्प्युटरवर नंबर काढला, तो दोन्ही डोळ्यांचा मायनस पावणेदोन आला. चष्मा केला. डिसेंबरात पुन्हा दिसेना म्हणून दुसऱ्या दुकानात गेलो, तर मायनस तीन निघाला. तो चष्मा लावून अभ्यासाला बसली की अर्ध्या तासात कपाळ दुखू लागते. नवल म्हणजे सुट्टीत आजोळी गेली की दोन दिवसांनी तिला चष्म्याशिवाय नदीपलीकडचे माडसुद्धा वेगवेगळे दिसतात. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवले. त्यांनी थेंब घालून तासाभराने तपासले आणि नंबर मायनस नसून उलट प्लस पाऊण असल्याचे, आणि डोळ्याच्या आतल्या स्नायूला पेटका आल्याचे सांगितले. १ टक्का ॲट्रोपिनचा थेंब रोज रात्री घालायला आणि वाचायला वेगळा चष्मा लिहून दिला. एका रात्रीच्या थेंबाने सकाळी बाहुल्या मोठ्या झाल्या आणि तिला पुस्तकातले अक्षर दिसेना. आम्ही घाबरून थेंब बंद केले, चष्माही केला नाही. दीर म्हणतात, हे औषध विषारी आहे. तिचे बाबा म्हणतात, अभ्यास टाळण्याचे ढोंग आहे. मी कोणाचे ऐकू?»

ताई, पत्रात तुम्ही तारखा आणि आकडे नीट लिहिलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. मुलीला प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदानावर शिक्कामोर्तब करता येत नाही. मात्र तुम्ही सांगितलेल्या घटना ज्या क्रमाने घडल्या आहेत, तो क्रम तुमच्या डॉक्टरांच्या म्हणण्याशी पुरेपूर जुळतो. त्यांनी थेंब घालून तपासले हेही योग्यच केले, कारण या विकारात थेंबांशिवाय काढलेल्या नंबरावर विसंबता येत नाही.

डोळ्यात बुबुळाच्या मागे एक पारदर्शक भिंग असते आणि त्याच्या भोवती कड्यासारखा एक बारीक स्नायू असतो. भिंग अतिशय नाजूक तंतूंनी या कड्याला टांगलेले असते. आपण लांब पाहतो तेव्हा स्नायू सैल असतो, तंतू ताणलेले असतात आणि भिंग चपटे राहते. जवळचे वाचायला घेतले की स्नायू आकुंचन पावतो, तंतू सैल पडतात आणि भिंग फुगीर होऊन जवळचे अक्षर स्पष्ट होते. म्हणजे जवळ पाहणे हे या स्नायूचे काम आहे आणि लांब पाहणे ही त्याची विश्रांती. फार चालल्यावर पोटरीत गोळा येतो आणि पाय सरळ करायला गेले तरी स्नायू सुटत नाही, तसे या स्नायूचे झाले की पुस्तक मिटले तरी भिंग फुगीरच राहते. मग फळा, बसवरची पाटी, समोरून येणारा माणूस, सगळे अंधुक होते. वरवर पाहता हे लघुदृष्टीसारखेच, म्हणजे मायनस नंबरासारखेच दिसते, आणि मायनसची काच पुढे धरली की तेवढ्यापुरते स्पष्टही दिसते. म्हणूनच या प्रकाराला छद्म लघुदृष्टी म्हणतात.

कॉम्प्युटर चुकला का, असे तुम्ही विचाराल. यंत्राने जे मोजले ते त्या क्षणाचे खरे होते. मात्र त्या क्षणी मुलीचा स्नायू आखडलेला होता हे सांगणे यंत्राच्या हातात नसते. शिवाय यंत्रात डोळा लावून बसले की आतले चित्र लांबचे आहे असे कितीही भासवले, तरी मुलांचा डोळा ते जवळचे समजून थोडा जोर लावतोच. तीन महिन्यांत पावणेदोनचे तीन होणे आणि सुट्टीत दोन दिवसांत ते जवळपास नाहीसे होणे, हे खऱ्या लघुदृष्टीत घडत नाही. खरा मायनस नंबर बहुतेक वेळा डोळ्याचा गोळा लांब झाल्याने येतो. प्रौढ डोळ्याची लांबी साधारण २३ ते २४ मिलिमीटर असते आणि ती १ मिलिमीटरने वाढली तर सुमारे अडीच ते तीन नंबर वाढतो. एकदा वाढलेला गोळा आजोळी जाऊन आखूड होत नाही. नदीपलीकडचे माड तुम्ही आठवणीने लिहिलेत. माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची नोंद तीच आहे.

आता त्या मायनस तीनच्या चष्म्याने काय केले, त्याचा हिशेब करून पाहू. पुस्तक ३३ सेंटिमीटरवर धरले तर निरोगी डोळ्याला ३ डायॉप्टरचा (डायॉप्टर म्हणजे चष्म्याचा नंबर मोजण्याचे एकक) जोर लावावा लागतो. तुमच्या मुलीच्या डोळ्यात मुळात प्लस पाऊण दडलेला आहे, म्हणजे तिला लांब पाहतानाही पाऊण आणि वाचताना पावणेचार जोर लागतो. पंधराव्या वर्षी डोळ्याची एकूण कुवत साधारण ११ ते १४ डायॉप्टर असते, म्हणून हे ओझे एरवी जाणवलेही नसते. त्यावर मायनस तीनचा चष्मा चढवला की वाचताना लागणारा जोर पावणेसात होतो आणि फळ्याकडे पाहतानासुद्धा स्नायूला पावणेचारचा भार उचलून धरावा लागतो. आधीच पेटका आलेल्या पायावर पोते ठेवण्याचा हा प्रकार आहे. कपाळ दुखते ते त्यामुळेच, आणि वर तिला ढोंगी म्हणणे अन्यायाचे आहे. तिच्या बाबांना हा हिशेब कागदावर मांडून दाखवा.

ही चूक केवळ दुकानांतच होते असे मी म्हणणार नाही. डॉक्टरकी सुरू केली त्या काळात मी स्वतः एका अकरावीतल्या मुलाला थेंब न घालता दोनदा मायनस नंबर वाढवून दिला होता. तिसऱ्या खेपेला तो आला तेव्हा बोलता बोलता त्याचे दोन्ही डोळे नाकाकडे वळलेले आणि बाहुल्या टाचणीच्या माथ्याएवढ्या झालेल्या मला दिसल्या. जवळ पाहताना तीन गोष्टी एकदम घडतात: भिंग फुगते, डोळे आत वळतात आणि बाहुल्या बारीक होतात. तिन्ही एकदम अडकून पडल्या तर रोग्याला दोन-दोन दिसते आणि एखाद्याला मेंदूच्या नसेचा विकार वाटू शकतो. त्या मुलाचा एक डोळा झाकून दुसरा बाहेरच्या बाजूला वळवायला सांगितला तेव्हा तो पूर्ण वळला आणि बाहुलीही मोठी झाली. नस दुबळी असती तर डोळा तसा पूर्ण वळला नसता. त्या दिवसापासून शाळकरी मुलांचा पहिला नंबर मी थेंबांशिवाय लिहिलेला नाही.

निदान कसे होते, हे तुम्हाला कळले तर डॉक्टरांवरचा विश्वास बसायला मदत होईल. आधी थेंबांशिवाय तपासतात. रेटिनोस्कोप नावाच्या हातात धरायच्या उपकरणाने डोळ्यात उजेडाची पट्टी फिरवली की आतून परतणारी छाया पाहून नंबर कळतो. पेटका असला तर ही छाया एका जागी ठरत नाही, क्षणात मायनस, क्षणात प्लस अशी हेलकावते. मग प्लसची काच पुढे धरून अक्षरे वाचायला सांगतात. सैल पडू न शकणाऱ्या स्नायूला ती काच सोसत नाही. एवढे झाले की थेंब. मुलांसाठी बहुधा १ टक्का सायक्लोपेंटोलेट काही मिनिटांच्या अंतराने दोनदा घालून अर्ध्या ते पाऊण तासाने मोजतात. त्याचा अंमल बहुधा एका दिवसात उतरतो. मोठ्या माणसांचा पडदा पाहण्यासाठी नेहमी वापरतात ते ट्रॉपिकामाइड लवकर चढते आणि साधारण सहा तासांत उतरते, पण मुलांचा जोरकस स्नायू पूर्ण सैल करायला ते पुष्कळदा अपुरे पडते. बाहुली मोठी झाली म्हणजे स्नायूही सैल झाला, असे धरून चालत नाही. आपल्याकडच्या गडद तपकिरी बुबुळांवर थेंबांचा अंमल थोडा उशिरा आणि कमी होतो, म्हणून लहान मुलांना तीन दिवस ॲट्रोपिनचे मलम लावून मगच नंबर काढण्याची जुनी पद्धत अजून टिकून आहे. थेंबांआधी आणि थेंबांनंतर निघालेल्या नंबरांतली तफावत हाच निदानाचा पुरावा. तुमच्या मुलीत ती पावणेचारची आहे, आणि ती किरकोळ नव्हे.

आता दिरांच्या शंकेकडे वळू. त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. ॲट्रोपिन धोतऱ्यात असते, आणि महाशिवरात्रीला शंकराला वाहायला धोतऱ्याची फळे आणून झाल्यावर तोच हात डोळ्याला लावणाऱ्या माणसाची बाहुली मोठी झाल्याचे प्रसंग डॉक्टरांना माहीत असतात. पण तेच ॲट्रोपिन काजूवर किंवा भाजीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा झालेल्या माणसाचा जीव वाचवण्यासाठी इस्पितळात टोचतात. मात्रेवर सगळे अवलंबून आहे, आणि इथे मात्रा डोळ्यांसमोर ठेवावीच लागेल. १ टक्का औषधाच्या एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम ॲट्रोपिन असते. एक थेंब साधारण मिलिलिटरचा विसावा भाग धरला तर त्यात अर्धा मिलिग्रॅम येते, आणि इस्पितळात टोचायची नेहमीची कुपी ०.६ मिलिग्रॅमची असते. म्हणजे प्रत्येक थेंब जवळपास एका इंजेक्शनाएवढा आहे, आणि ५ मिलिलिटरच्या बाटलीत ५० मिलिग्रॅम औषध आहे. घरात धाकटे भावंड असेल तर बाटली कुलपात ठेवा. फ्रिजच्या दारात औषधांची रांग असते, तिथे ती नको.

थेंब घालण्याची पद्धत योग्य असली तर त्यातले फार थोडे औषध अंगात जाते. मुलीला मान मागे टाकून बसवा, खालची पापणी बोटाने हलकेच ओढा, तयार झालेल्या खोबणीत एकच थेंब टाका आणि डोळा मिटायला सांगा. मग नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट दोन मिनिटे दाबून धरा, कारण तिथल्या बारीक नळीतून औषध नाकात उतरते आणि तिथून रक्तात जाते. गालावर ओघळलेले टिपून घ्या. त्यानंतर आपले हात साबणाने धुवा. नातीला थेंब घालून तोच हात डोळ्याला चोळलेल्या एक आजी एकदा माझ्याकडे आल्या होत्या. एक बाहुली मोठी आणि एक लहान पाहून घरचे त्यांना अर्धांगवायूच्या भीतीने घेऊन आले होते. आजींचे निभावले, मात्र उतारवयात काहींच्या डोळ्यातली पाणी वाहून जाण्याची वाट अरुंद असते आणि बाहुली अशी फाकली की काचबिंदूचा तीव्र झटका येऊ शकतो, म्हणून हात धुण्याला मी महत्त्व देतो.

अंगावर काय दिसले तर थांबायचे, तेही सांगतो. तोंड थोडे कोरडे पडणे आणि उन्हात डोळे दिपणे अपेक्षित आहे. चेहरा लालबुंद होणे, अंग तापणे, छाती धडधडणे, लघवी अडणे किंवा असंबद्ध बोलणे दिसले तर थेंब बंद करून ताबडतोब डॉक्टरांना दाखवा. ॲट्रोपिनने घाम कमी होतो आणि आपल्या दमट हवेत अंग थंड राहण्यासाठी घामाचाच आधार असतो, म्हणून थेंब चालू असेपर्यंत दुपारच्या उन्हातले खेळ टाळावेत. टोपी आणि साधा गॉगल वापरला की दिपणे सुसह्य होते. बाहुल्या मोठ्या दिसतात याने दृष्टीला इजा होत नाही. ॲट्रोपिनचा अंमल पूर्ण उतरायला एक ते दोन आठवडे लागतात एवढेच. तुम्ही एकच थेंब घातलात तरी काही दिवस वाचायला त्रास झाला असेल, त्याचे कारण हेच आहे.

आणि वाचता न येणे हा औषधाचा बिघाड नसून औषध लागू पडल्याची खूण आहे. स्नायू सैल ठेवायचा असे एकदा ठरवले की जवळ पाहण्याचे त्याचे काम दुसऱ्या कोणाला तरी करावे लागते, आणि ते काम तुम्ही न केलेल्या त्या चष्म्याचे होते. वाचनाचे अंतर ४० सेंटिमीटर धरले तर त्यासाठी अडीच नंबराची भर लागते. मुलीचा मूळ प्लस पाऊण धरून वाचनाचा भाग सव्वातीनच्या आसपास जातो. नेमका आकडा तुमच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर असेल, तोच पाळा. हा चष्मा म्हाताऱ्यांचा वाटतो खरा, आणि पंधरा वर्षांच्या मुलीला तो वर्गात लावून बसायला लाज वाटेल हेही खरे. पण तो कुबडीसारखा आहे, पाय बरा झाला की सुटतो. थेंब दिले आणि चष्मा केला नाही, हे अर्धे उपचार कोणत्याही मुलीला घाबरवतील. थेंब तेवढे बंद करून आधीचा मायनस तीनचा चष्मा पुन्हा लावला असेल, तर मात्र आजार वाढवण्याचीच वाट धरली गेली.

तुमच्या मनातली शंका घरच्या घरी फिटावी म्हणून एक साधी गोष्ट सांगतो. थेंब पुन्हा सुरू केल्यावर दोन-तीन दिवसांनी मुलीला ओट्यावर किंवा गॅलरीत उभी करा आणि लांबची एखादी पाटी जुना मायनस तीनचा चष्मा लावून वाचायला सांगा, मग चष्म्याशिवाय. खरोखर मायनस तीन असता तर चष्म्याने स्पष्ट आणि चष्म्याविना अंधुक दिसले असते. पेटका असेल तर नेमके उलटे होईल: सैल पडलेल्या डोळ्याला तो चष्मा लावला की पाटी पुसटून जाईल आणि काढला की बऱ्यापैकी वाचता येईल. अगदी लखलखीत दिसणार नाही, कारण प्लस पाऊण उरतो आणि मोठ्या बाहुलीतून कडा थोड्या विरतात. तरी फरक इतका ढोबळ असतो की बाबांनाही तो शेजारी उभे राहून कळेल.

परीक्षेचा उल्लेख तुम्ही पत्रात एकाच ओळीत केलात, पण आता निर्णय घ्यायचा आहे तो त्याचाच. सात आठवडे पुरेसे आहेत, मात्र आणखी दोन आठवडे विचारात घालवले तर पुरणार नाहीत. माझे मत असे की वाचनाचा चष्मा याच आठवड्यात करून घ्यावा, तो हातात आल्यावर थेंब सुरू करावेत आणि साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा तपासून घ्यावे. ॲट्रोपिन उतरायला दोन आठवडे लागत असल्याने, पेपर औषधाविना द्यायचे असतील तर थेंब थांबवण्याचा दिवस पहिल्या पेपरच्या किमान पंधरा दिवस आधी ठरला पाहिजे. तोवर पेटका सुटलेला नसेल तर चष्म्यासकट थेंब चालू ठेवून पेपर देता येतात, किंवा डॉक्टर एक ते तीन दिवसांत उतरणाऱ्या होमॅट्रोपिनवर बदल करू शकतात. कोणते औषध, किती दिवस आणि किती अंतराने, याबाबत सगळे डॉक्टर एकच पद्धत पाळत नाहीत. कोणी रोज देतात, कोणी आठवड्यातून काही दिवस. म्हणून हा बदल तुम्ही किंवा फार्मसीवाल्याने परस्पर करू नये. आणि काहीही झाले तरी पेपरच्या आदल्या रात्री नवा थेंब पहिल्यांदा घालू नका.

फार्मसीचा विषय निघालाच आहे तर एक सावधगिरी सांगतो. हल्ली मुलांचा मायनस नंबर वाढू नये म्हणून ०.०१ टक्का ॲट्रोपिन देतात. ते खऱ्या लघुदृष्टीसाठी असते आणि तुमच्या मुलीच्या औषधाच्या शंभरपट सौम्य असते. नाव एकच असल्याने बाटल्यांची अदलाबदल होते आणि पेटक्यावर त्या सौम्य थेंबांचा उपयोग होत नाही. बाटलीवरचा टक्का चिठ्ठीशी ताडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. तसेच वाचनाचा चष्मा घालवणारे थेंब म्हणून २०२४ मध्ये ज्यांची आपल्या देशात बातमी गाजली आणि दाव्यांवरून परवानगी स्थगितही झाली, ते पिलोकार्पिनचे थेंब चाळिशीनंतरच्या माणसांसाठी होते. पिलोकार्पिन बाहुली बारीक करते आणि हाच स्नायू आवळते. या मुलीच्या डोळ्यात ते गेले तर त्रास दुप्पट होईल. मध, गुलाबपाणी, एरंडेल यांतले काहीही डोळ्यात घालू नका. पेटक्याशी त्यांचा काही संबंध नाही.

तुमच्या पत्रात दोन गोष्टी नाहीत, आणि डॉक्टरांनी विचारल्या नसतील तर तुम्ही आपणहून सांगा. एक, मुलीला डोकेदुखीसाठी कोणी गोळ्या दिल्या आहेत का? अर्धशिशीवर देतात त्या टोपिरामेट नावाच्या औषधाने काही रुग्णांत अचानक मायनस नंबर येतो. तो पेटका नसतो. आत पाणी साचून भिंग पुढे ढकलले जाते, डोळे लाल होऊन दुखू लागतात आणि आतला दाब वाढतो. अशा वेळी वेळ न घालवता इस्पितळ गाठावे लागते. दुसरे, घराजवळ काजूच्या मोहोरावर फवारणी चालते का आणि मुलीच्या बाहुल्या त्या दिवसांत बारीक दिसतात का? काही कीटकनाशकांनी हाच स्नायू आवळतो. याखेरीज डोक्याला मार लागला असेल, सकाळी उठताना डोके दुखून उलटी होत असेल, एकच बाहुली वेगळी दिसत असेल किंवा दोन-दोन दिसणे थांबत नसेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांपुरते न थांबता म्हापशाच्या किंवा मडगावच्या जिल्हा इस्पितळात अथवा बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) मेंदूच्या दृष्टीनेही तपासणी करून घ्यावी. तुमच्या वर्णनात अशी खूण नाही. तरीही हे विचारून झाल्याशिवाय पेटक्याचे निदान पुरे झाले असे मी मानत नाही.

थेंबांनी स्नायू सुटतो, पण ज्या सवयीने तो आखडला ती तशीच राहिली तर थेंब थांबल्यावर पेटका परत येतो, आणि काहींना औषधाचा दुसरा फेराही करावा लागतो. पुस्तक कोपरापासून मुठीपर्यंतच्या अंतरापेक्षा जवळ धरू देऊ नका. मोबाइल मुले २० सेंटिमीटरवर धरतात तेव्हा ५ डायॉप्टरचा जोर लागतो, तोच ४० सेंटिमीटरवर धरला तर अडीच. म्हणून अभ्यासाचे व्हिडिओ फोनऐवजी टीव्हीवर किंवा संगणकावर पाहणे हा अर्धा उपचार आहे. दर वीस मिनिटांनी खिडकीतून पोफळीच्या शेंड्याकडे वीस सेकंद पाहायला सांगा. अमुक व्यायामाने चष्मा जातो असे सांगणारे व्हिडिओ मात्र बंद ठेवा. त्यांतले बरेचसे प्रकार डोळ्याला आणखी जवळ पाहायला लावणारे असतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली प्लस-मायनस काचा आलटून पालटून वाचण्याचा सराव असतो, तो पुढे थेंब कमी होऊ लागल्यावर उपयोगी पडतो.

मनावरचा ताण हेही एक कारण असू शकते, पण तो प्रश्न "तुला परीक्षेची भीती वाटते म्हणून होतेय का" असा विचारला तर मुलगी हमखास मिटून जाईल. रात्री किती वाजता झोपते, वर्गात कुठे बसते, कोणत्या विषयाला बसले की कपाळ आधी दुखते, असे साधे विचारा. स्नायू तिच्या इच्छेने आखडलेला नाही आणि रागावल्याने सुटणारही नाही. शाळेला डॉक्टरांची चिठ्ठी द्या, म्हणजे तिला काही आठवडे पुढच्या बाकावर बसता येईल आणि गॉगलवरून कोणी टोकणार नाही.

पुढच्या तपासणीला जाताना दोन्ही जुने चष्मे बरोबर न्या. काचांचा नंबर यंत्रावर मोजता येतो आणि तीन महिन्यांत तो कसा चढत गेला हे डॉक्टरांना त्यावरून कळते. दुकानांत मिळालेल्या कॉम्प्युटरच्या पट्ट्या असतील तर त्याही जोडा; कागद जुना झाला की त्यांवरची शाई उडते, तेव्हा आजच त्यांचा फोटो काढून ठेवा. डोळ्याची लांबी मोजली आहे का, तेही विचारून घ्या. सहा महिन्यांनी ती पुन्हा मोजली आणि तेवढीच भरली, तर डोळ्याचा गोळा लांबत नाही हे कागदावर दिसेल. वाढलेली निघाली तर पेटक्याच्या जोडीने खरी लघुदृष्टीही सुरू होत आहे असे समजून त्याचा वेगळा विचार करावा लागेल.